खुंटीवरची माळ

आमच्या घरात वशाट शिजत नसे. आई माळकरी, देवगाव रंगारीच्या माळकरी घरातली. वडील पिशोरचे, आणि त्यांना आठवड्यातून एकदा मटण नाहीतर मासे लागायचेच. या दोघांचा संसार पस्तीस वर्षं कसा टिकला याचं उत्तर आमच्या गारखेड्यातल्या घराच्या गच्चीवर होतं. पाण्याच्या टाकीशेजारी वडिलांनी तीन विटांची चूल मांडली होती आणि पत्र्याच्या खोलीत त्यांची वेगळी भांडी असायची: एक काळं पडलेलं पातेलं, एक पळी आणि एक पोचे आलेलं जर्मनचं ताट. रविवारी ते वर शिजवायचे, वरच जेवायचे, भांडी वरच घासायचे आणि अंघोळ करून खाली यायचे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वास जायचा, त्यांना त्याचं काही वाटत नसे. तुम्हीही माळ घाला असं आईनं म्हटलं की ते म्हणायचे, गळ्यात घालून खोटं वागायला मला जमणार नाय.

वडील गेले तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. लग्न झालेलं नव्हतं, बहीणभाऊ नाहीत. चौदाव्याच्या दिवशी आईनं विचारलं, तू तरी माळ घालशील का. त्या दिवसांत तिनं काहीही मागितलं असतं तरी मी हो म्हणालो असतो. देवगावच्या महाराजांनी माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातली आणि माझ्याकडून वदवून घेतलं, की मासमच्छी शिवणार नाही, दारू पिणार नाही, खोटं बोलणार नाही. आईनं डोळ्याला पदर लावला. मलाही बरं वाटलं, आपण काहीतरी मोठं केलं असं.

सहा महिन्यांनी कंपनीनं मला कंबोडियाला पाठवलं. वाळूजला बनणाऱ्या तीनचाकी रिक्षा तिकडं नॉम पेनच्या रस्त्यांवर धावायला लागल्या होत्या आणि त्या दुरुस्त करणारे हात कमी पडत होते. तिथल्या मेकॅनिकांना इंजिन उघडायला, आणि मुख्य म्हणजे परत बसवायला शिकवायचं, हे माझं काम. वर्षासाठी गेलो आणि तीन वर्षं राहिलो.

वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत एका बाईच्या खानावळीवर मला खोली मिळाली. खानावळ म्हणजे पत्र्याच्या छपराखाली पाच टेबलं, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, कोळशाच्या दोन शेगड्या आणि समोर ओळीनं मांडलेली झाकणाची पातेली. गिऱ्हाईक यायचं, एकेक झाकण उचलून आत डोकवायचं आणि बोट दाखवायचं. बाई पंचावन्नची, नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन लांबच्या गावी. गल्लीतले सगळे तिला मींग म्हणायचे, म्हणजे मावशी. मीही म्हणायला लागलो. ती मला भाचा म्हणायची. तिकडं माणूस भेटलं की भात खाल्लास का असं विचारतात. आपण जेवलास का विचारतो तसंच ते, फक्त तिथं भाताशिवाय जेवण नाही. मी जिना उतरलो की मावशी हे विचारायची आणि माझं उत्तर यायच्या आधी ताटली भरायला घ्यायची.

पहिल्या आठवड्यात मी तिला मोबाईलवर मासा, कोंबडी, डुक्कर अशी चित्रं दाखवून एकेकावर फुली मारली. ती मान डोलवत गेली. मग तिनं एक बाटली उचलून दाखवली. तिच्यात मासळीचं खारं पाणी होतं, ते आपल्या मिठासारखं प्रत्येक भाजीत पडतं. मी फुली मारली. मग तिनं एका बरणीचं झाकण उघडलं. आत प्रहोक होतं, मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून केलेला राखाडी लगदा. त्याचा वास मी इथं सांगत बसत नाही. त्यावरही मी फुली मारली. मावशी खुर्चीत बसलीच. या दोन वस्तू काढल्या तर तिच्या खानावळीत पांढऱ्या भाताशिवाय काहीच उरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेगडीवर एक नवीन लहान कढई दिसली. तिच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला होता. तो कशासाठी हे मला पुढं मोडकीतोडकी ख्मेर भाषा यायला लागल्यावर कळलं. घाईत कुणी चुकून माशाचा झारा त्या कढईत घालू नये म्हणून ती खूण होती. त्या कढईत ती माझ्यासाठी नाळीची भाजी परतायची, ही पाण्यात वाढणारी पोकळ देठांची भाजी, लसूण आणि मीठ घालून. चिंचेचं आंबट सार करायची, त्यात अननस आणि टोमॅटो. गवती चहा आपण चहात टाकतो, ती तो हळद, लसूण आणि आल्याच्या जातीच्या एका मुळाबरोबर उखळात कुटून वाटण करायची, आणि माझं वाटण आधी कुटून मगच बाकीच्यांचं. माझं सोवळं तिनं माझ्यापेक्षा जास्त पाळलं.

चौथ्या महिन्यात मला ताप आला. मावशी तीन दिवस तांदळाची पेज देत होती, आल्याचे बारीक तुकडे घातलेली. चौथ्या दिवशी मी खाली येऊन बसलो. शेजारच्या टेबलावर एक रिक्षावाला तीच पेज खात होता, बरोबर तळलेला खारा मासा. मला वास आला आणि तोंडाला असं पाणी सुटलं की लाज वाटली. मी मावशीला तो मासा मागितला. ती नको म्हणाली आणि हवेत बोटानं फुली मारून दाखवली. मी परत मागितला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं मी वेगळंच सांगितलं. तिनं मला बाटवलं नाही, मी दोनदा मागितलं.

तो मासा ताटलीत पडला तेव्हा मी गळ्यातली माळ काढून शर्टाच्या खिशात ठेवली. असा माझा कायदा होता: माळ खिशात असेपर्यंत मी माळकरी नाही. जेवलो, चूळ भरली, माळ घातली आणि पुन्हा माळकरी झालो. वकिलालाही सुचली नसती अशी ही पळवाट मी परत येईपर्यंत वापरली.

मावशीच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. चार-पाच दिवस तिनं पाहिलं आणि आपल्या मनाशी अर्थ लावला. हा हिंदुस्थानातला माणूस, याच्या गळ्यात देवाची वस्तू आहे, आणि तिला रस्सा लागू नये म्हणून हा जेवणाआधी ती काढतो. किती आदर! एका सकाळी मी खाली आलो तर बुद्धाच्या फळीखाली भिंतीत एक नवी खुंटी ठोकलेली. मावशीनं हात पुढं केला, माझी माळ घेतली, कपाळाला लावली आणि खुंटीवर टांगली. खिशात नको, म्हणाली, तिथं घाम लागतो. त्या दिवसापासून वाढण्याआधी ती न चुकता माळ मागायची. नव्या गिऱ्हाइकांना सांगायची, बघा, त्यांच्याकडं देवाची माळ उतरवल्याशिवाय घास घेत नाहीत. मी रस्सा ओरपत मान डोलवायचो. तिला खरं सांगावं असं एकदाही वाटलं नाही म्हणालो तर ते खोटं होईल. वाटायचं, आणि मग ती पुढं काहीतरी वाढायची.

मी सगळं खाल्लं. सकाळी तांदळाच्या गार शेवया, त्यावर माशाचा हिरवट पिवळा रस्सा आणि मूठभर कच्चा पाला. केळीच्या पानात वाफवलेला नारळाच्या दुधातला मासा. आणि ज्याच्यावर फुली मारली होती ते प्रहोक, नारळाच्या दुधात शिजवून, कच्ची वांगी आणि काकडी बुडवून खायचं. दुसऱ्या वर्षी मी स्वतः झाकण उघडून विचारत असे, आज प्रहोक नाही का. लाल दोऱ्याची कढई हळूहळू मागं गेली. मावशीनं ती फेकली मात्र नाही, घासून भिंतीला टांगून ठेवली. तुझी आई कधी इकडं आली तर, म्हणाली. आई मासे खात नाही हे मी तिला सांगितलं होतं.

आता घरी मी काय सांगत होतो ते ऐका. आईचा व्हिडिओ कॉल रोज दुपारी यायचा. मी वर खोलीत जाऊन, माळ दिसेल असा बसून बोलायचो. काय खाल्लंस? खिचडी. आज परत खिचडी? खिचडीच. खाली कोण बाई बोलते? ती खानावळवाली, तिच्याकडं काही खाण्यासारखं नसतं. हे एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण दिवाळीला सुट्टीवर आलो की आईच्या भजनातल्या बायका मला घेरून बसायच्या, पिशोरहून चुलत्यांची पोरं यायची, आणि मला चेव चढायचा. ती खानावळवाली बाई कोळी तळते, नाकतोडे तळते, मुठीमुठीनं तोंडात टाकते. बरणी उघडली की गल्ली ओस पडते. मी नाक दाबून जिना चढतो. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, पोरं पोट धरून हसायची, आणि आई माझ्याकडं अभिमानानं बघायची, की असल्या नरकात राहून पोरानं माळ सांभाळली. तळलेले किडे मी तिकडं पाहिले होते ते बसथांब्यावर, टोपल्यांत. मावशीनं एक किडा कधी विकला नाही. तिखटमीठ लावायला मला एक माणूस हवं होतं आणि जी मला रोज जेवायला घालत होती तीच हाताशी होती.

तीन वर्षांनी मी परत आलो, वाळूजच्या कारखान्यात लागलो आणि मासे सुटले. सुटले म्हणजे मिळायचे बंद झाले. मावशी कधीमधी फोन करायची. पुढच्या हिवाळ्यात तिचा फोन आला की त्यांच्या देवळातली मंडळी यात्रेला निघाली आहेत. बोधगया, सारनाथ, मग अजिंठा आणि वेरूळ. अजिंठा झाला की मंडळी वेरूळला जातील, ती मात्र वेरूळ सोडून माझ्या घरी येणार. तुझ्या आईला भेटायचंय, म्हणाली.

आईला सांगितलं तेव्हा ती पहिलं वाक्य म्हणाली, तीच ना, किडे तळणारी? आणि मग, घरी आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय कसं धाडायचं, पण तिला कोणत्या ताटात वाढू? हा प्रश्न आईनं मला विचारला होता. ते ताट नंतर ओट्यावर कसं घ्यायचं ही तिची खरी अडचण होती, आणि ती अडचण मी तीन दिवाळ्या खपून तयार केली होती. एक वाक्य पुरलं असतं. आई, तिच्या हातचं मी तीन वर्षं खाल्लंय. मी म्हणालो, वरचं बाबांचं ताट आहे की.

आई म्हणाली, बरं, तूच आण मग. मी पत्र्याच्या खोलीतून ते जर्मनचं ताट काढलं, कोळ्याची जाळी झटकली आणि राखेनं घासलं. चांगलं चकचकीत घासलं, तेवढंच पुण्य.

मावशीला आणायला मी त्यांच्या लॉजवर गेलो. ती तिकडच्या बायका नेसतात तसल्या नव्या सुती लुंगीत, पांढऱ्या झंपरात, हातात कापडी पिशवी घेऊन उभी होती. रिक्षात बसल्यावर तिनं सीटवर हात फिरवला आणि हसली. ओळखीची रिक्षा होती, नॉम पेनला तिच्या दारात अशा दहा उभ्या असायच्या. गुलमंडीवरून नेलं, तिला कापडाची दुकानं बघायची होती म्हणून. सारा रस्ता ती बोलत होती आणि मी मनात एकच हिशेब करत होतो. दोघींमध्ये बोलणारा मी एकटाच. आईला ख्मेर येत नाही, मावशीला मराठी येत नाही. म्हणजे काही होणार नाही.

आईनं पुरण घातलं होतं. कटाची आमटी, वांग्याची भाजी, कुरडया, भात. दारात मावशीनं हात जोडून कपाळापर्यंत नेले, आईनंही जोडले. मावशीनं पिशवीतून ताडाच्या पानात गुंडाळलेल्या ताडगुळाच्या वड्या काढल्या आणि काळ्या मिरीची पुडी. मला म्हणाली, आईला सांग, यात मासा नाही, ज्या कढईत शिजवला तीही मी स्वतः बघितली. मी आईला सांगितलं, गूळ आहे. आईनं दोन बोटांनी तो घेतला आणि खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवला.

खाली तीन पाट मांडले होते. दोन स्टीलची ताटं आणि एक जर्मनचं. मावशी जर्मनच्या ताटासमोर बसली. तिनं ताटाकडं पाहिलं, आमच्या ताटांकडं पाहिलं. मग तिनं आईच्या गळ्यातली माळ पाहिली, माझ्या गळ्यातली पाहिली, आणि काहीतरी आठवल्यासारखं केलं. मानेमागं हात नेऊन आपल्या सोन्याच्या साखळीचा फासा सोडवला. साखळीत बुद्धाची लहानशी मूर्ती होती. ती तिनं कपाळाला लावली, उठून आमच्या देव्हाऱ्याच्या कडेला रुमालावर ठेवली आणि परत येऊन बसली.

“साखळी कामून काढली बाईनं?” आईनं मला विचारलं.

मी म्हणालो, त्यांची तशी पद्धत आहे.

मावशी जेवेना. ती माझ्याकडं बघत होती, मग आईकडं, मग परत माझ्याकडं. शेवटी हसून म्हणाली, भाच्या, विसरलास? आणि माझ्या गळ्याकडं बोट करून दोन्ही हातांनी माळ उतरवण्याची खूण केली, मग भिंतीवर टांगायची. माझ्याकडं तर एक दिवस चुकला नाहीस, म्हणाली. हे शेवटचं आईला कळलं नसणार. पण त्या खुणेला भाषा लागत नव्हती. मावशीनं आईकडं वळून, हात जोडून, तीच खूण अदबीनं आईच्या माळेकडं केली. तिच्या मनात एवढंच होतं, की या घरात आपल्यामुळं यांचा नेम मोडायला नको.

आईनं आपली माळ मुठीत धरली. तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. मग विचारलं, “काय म्हणते ती?”

“तुझी माळ आवडली म्हणते.”

“अस्सं,” आई म्हणाली आणि मावशीच्या ताटात पोळी वाढली. पोळीवर तुपाची धार सोडली ती इतकी, की मावशीनं हात आडवा घातला तरी थांबली नाही. मावशी सबंध वेळ भाताची वाट बघत होती. आपल्याकडं भात शेवटी येतो हे मी तिला सांगितलं नव्हतं, तेही राहिलं होतं.

मावशीला लॉजवर सोडून मी परत आलो तेव्हा आई मोरीत बसून ते जर्मनचं ताट घासत होती. माझ्याकडं पाठ होती. तिनं विचारलं, “तिथं तू माळ काढून जेवायचास, व्हय?”

नाही म्हणायची सोय नव्हती. आणि मग माझ्या तोंडातून जे आलं ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. मी म्हणालो, आई, ती सगळ्यात मासळीचं पाणी घालते, न सांगता घालते, मला कळायच्या आत पोटात गेलं होतं.

“आन्‌ माळ?” आई म्हणाली. “ती पण तिनंच काढली व्हय तुझ्या गळ्यातून?”

आईनं ताट धुतलं, उपडं घातलं आणि पदराला हात पुसत उठली. ती ओरडली नाही. म्हणाली, “तुझा बाप खायचा. सगळ्या गारखेड्याला दिसंल असं गच्चीवर बसून खायचा. त्याच्या खाण्याचा मला कधी त्रास नाय झाला. तिनं तुला तीन वर्सं जेवू घातलं आन्‌ तू माझ्या हातानं तिला वशाटाच्या ताटात वाढाया लावलं. मला लाज वाटते, अन्‌ ती माझी बी नाय, तुझी हाय.”

पुढं पंधरा-वीस दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. खिडकीबाहेरचा ताडगूळ आत आला आणि देव्हाऱ्यात गेला, रोज एक खडा नैवेद्याला. मला माळ उतरवून दे असं तिनं सांगितलं नाही, आणि मीही आपणहून उतरवली नाही. गळ्यात ती असायची आणि टोचायची. भजनातल्या एका बाईनं एकदा किड्यांचा विषय काढला, तर आई तिला म्हणाली, ते सगळं माझ्या पोरानं रचलेलं होतं. बाई गेल्यावरही आई माझ्याकडं वळली नाही.

मग एका दुपारी, मी सुट्टीवर असताना, ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, “फोन लाव तिला. तोंड दिसंल असा.”

मावशीनं लगेच उचलला. मागं शेगड्या दिसत होत्या, हातात झारा. आईला पाहून तिनं झारा ठेवला आणि हात जोडले. आईनं पदर सारखा केला. ती जे बोलली ते तिनं आधी मनात घोकलेलं असणार, कारण ती कुठं अडखळली नाही. म्हणाली, “बाई, तुमी माझ्या लेकराला जगवलं आन्‌ मी तुमाला वाईट ताटात जेवू घातलं. मला म्हाईत नव्हतं, पण विचारायला पायजे होतं. माझी चूक झाली. मला माफ करा.” मग मला म्हणाली, “सांग तिला. जसंच्या तसं सांग.”

मला शब्द सगळे येत होते. ताटली, आई, चूक, माफी, हे शब्द मला कंबोडियात पहिल्या सहा महिन्यांत आले होते. पण ते सांगायचं तर ताट कसलं हे सांगावं लागणार, ते का निघालं हे सांगावं लागणार, आणि मग कोळी, नाकतोडे, नाक दाबून चढलेला जिना, खुंटी. मावशी फोनमधून माझ्या तोंडाकडं बघत होती. मी ख्मेरमध्ये म्हणालो, आई विचारते, सुखरूप पोचलात ना. गूळ फार आवडला म्हणते.

मावशीचा चेहरा फुलला. तिनं पुन्हा हात जोडले आणि सांगायला लागली, की तिनं मुगाचं पुरण करून तुझ्या आईसारखी पोळी करून बघितली, सगळी फुटली, गल्लीतल्या पोरांनी तरी ती खाल्ली. ती हसत होती आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, शेगडीच्या धुरानं असेल.

“काय म्हणते?” आईनं विचारलं.

“म्हणते, मनात काही ठेवलेलं नाही. माफी कसली मागता, म्हणते.”

आई रडली. मग फोनकडं बघून तिनं बराच वेळ मान हलवली, आणि मावशीनंही तिकडून मान हलवली. फोन बंद झाल्यावर आई मला म्हणाली, मोठ्या मनाची बाई आहे. त्या दिवसापासून ती माझ्याशी पहिल्यासारखी बोलायला लागली. भजनात, नातेवाइकांत, पिशोरला लग्नाला गेली तिथंही तिनं हे सांगितलं, की माझ्याकडून एक मोठी चूक झाली होती, मी माफी मागितली आणि त्या बाईनं हसून माफ केलं. मी शेजारी बसलेलो असायचो. लोक आईला नावाजायचे.

आई जाऊन दोन वर्षं झाली. मी मावशीला कळवलं. ती फोनवर रडली. भाद्रपदात आपला पितृपक्ष असतो तेव्हाच त्यांच्याकडंही पितरांचा पंधरवडा असतो. लोक आपल्या मेलेल्या माणसांची नावं देवळात देतात, भिक्षू ती वाचतात, आणि ज्याला जे आवडत होतं ते शिजवून नेतात. मावशीनं त्या पहिल्या वर्षी फोन केला. आईचं नाव तिला लिहून हवं होतं, नीट उच्चारासकट. तिच्यासाठी मी वेगळ्या कढईत रांधणार आहे, म्हणाली, माशाचा थेंब लागणार नाही. तुझ्या आईला काय आवडायचं? आणि मग तिनं विचारलं, जाताना ती माझ्याविषयी काही बोलली का?

बोलली होती. शेवटच्या आठवड्यातही बोलली होती. मावशी तिकडं कागद पेन्सिल घेऊन बसली होती, मला पेन्सिलचा आवाज येत होता. मी म्हणालो, नाही, विशेष काही नाही. आणि आवडायचं म्हणजे, साधा भात.

भात, असं मोठ्यानं म्हणत मावशीनं ते लिहून घेतलं.